परतफेडीचे क्रियापद

मराठी माध्यमातून शिकून तुम्ही विज्ञान शाखेला गेलात की एकच इंग्रजी शब्द तीन तासांना तीन वेगवेगळ्या वेशांत तुमच्यासमोर येतो. इंग्रजीच्या तासाला ‘रिसिप्रोकेट’ म्हणजे उपकाराची किंवा भावनेची परतफेड करणे. गणिताच्या तासाला ‘रिसिप्रोकल’ म्हणजे व्यस्त संख्या. एंजिनाचा विषय निघाला की ‘रिसिप्रोकेटिंग’ म्हणजे पश्चाग्र गती. पुष्कळ मुले हे तीन निराळे शब्द समजून तीन अर्थ पाठ करतात आणि परीक्षा संपली की तिन्ही विसरतात. वास्तविक या तिन्हींच्या मागे चित्र एकच आहे. ते एकदा डोळ्यांसमोर उभे राहिले की पाठांतराची गरज उरत नाही. शिवाय भौतिकीतील एक नेहमीचा गैरसमजही दूर होतो.

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. लॅटिन भाषेत ‘रे’ म्हणजे मागे आणि ‘प्रो’ म्हणजे पुढे. या दोहोंपासून ‘रेसिप्रोकुस’ हे विशेषण झाले. त्याचा अर्थ मागे-पुढे होणारे, जाऊन परत येणारे. समुद्राच्या भरती-ओहोटीसाठी रोमन लेखक हाच शब्द वापरीत. म्हणजे या शब्दात उपकाराच्या आधी हालचाल आहे. एखादी गोष्ट इकडून तिकडे जाते आणि तिकडून इकडे येते, एवढाच त्याचा गाभा.

आता एंजिनाकडे वळू. पेट्रोलवर चालणाऱ्या स्कूटरच्या एंजिनात दट्ट्या नळकांड्यात वर-खाली होत असतो. समजा, एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत आहे आणि दट्ट्याची एका दिशेची धाव ५ सेंटिमीटर आहे. सेकंदाला ५० फेरे झाले. प्रत्येक फेऱ्यात दट्ट्या एकदा वर व एकदा खाली, म्हणजे १० सेंटिमीटर चालतो. सेकंदाला एकूण ५ मीटर! पण गंमत अशी, की प्रत्येक टोकाला त्याला क्षणभर थांबून दिशा बदलावी लागते. सेकंदात असे १०० वेळा घडते. शिवणयंत्राची सुई, सुताराची करवत आणि हातपंपाचा दांडा यांची गतीही याच जातीची. उलट विजेवरच्या स्कूटरमधील मोटर एकाच दिशेने गरगर फिरते. तिच्यात दट्ट्या नाही आणि ‘रिसिप्रोकेटिंग’ही काही नाही.

गणितातही तेच चित्र. २/३ या अपूर्णांकाचा व्यस्त ३/२. त्याचा पुन्हा व्यस्त घेतला की २/३ परत हाती येतो. गेला तसा आला! एकचा व्यस्त एकच. शून्याला मात्र व्यस्त नाही, कारण शून्याने भागता येत नाही. भौतिकीत या व्यस्तांचा पदोपदी उपयोग होतो. घरातील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, तर आवर्तकाल १/५० सेकंद. भिंगाचे नाभीय अंतर अर्धा मीटर, तर त्याची शक्ती २ डायॉप्टर. विद्युत्‌रोधाचे एकक ओहम. त्याच्या व्यस्ताला शास्त्रज्ञांनी नावही उलटेच दिले होते. ओहमची इंग्रजी अक्षरे उलट्या क्रमाने लिहून ‘म्हो’ असे ते नाव झाले! १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने त्या एककासाठी ‘सीमेन्स’ हे नाव स्वीकारले.

आता इंग्रजीच्या तासाकडे येऊ. शेजारच्या काकूंनी डब्यातून लाडू पाठवले, तर तो डबा आपली आई रिकामा परत करीत नाही. त्यात चिवडा घालून देते. हे ‘रिसिप्रोकेट’ करणे होय. लाडवांच्या बदल्यात लाडूच हवेत असे नाही, तोलूनमापून तेवढ्याच वजनाचे हवे असेही नाही. पण जे आले त्याच भावनेने काही परत गेले पाहिजे. खेड्यांत शेतकरी सावड करतात, म्हणजे आज तुझ्या शेतावर मी व माझे बैल, उद्या माझ्या शेतावर तू व तुझे. याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

वापरताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, या क्रियापदाचे कर्म माणूस नसून त्याची कृती किंवा भावना असते. ‘आय रिसिप्रोकेटेड हिम’ हे चूक. ‘आय रिसिप्रोकेटेड हिज काइंडनेस’ हे बरोबर. दुसरी, यापुढे ‘बॅक’ जोडू नका. ‘परत’ हा अर्थ ‘रि’मध्ये आधीच आलेला आहे. तिसरी, कर्जाच्या हप्त्यासाठी हे क्रियापद चालत नाही. तेथे ‘रिपे’ म्हणतात. मराठीत दोन्हींना आपण परतफेड म्हणतो, म्हणून येथे घोटाळा होतो.

आणि आता तो गैरसमज. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातील प्रतिक्रिया ही क्रियेची परतफेड आहे, असे अनेकांना वाटते. आधी मी भिंतीला ढकलले, मग भिंतीने मला उलट ढकलले! तसे मुळीच नाही. परतफेडीत पाळी असते: आधी तू, नंतर मी. क्रिया आणि प्रतिक्रिया यांत आधी-नंतर नाही. दोन्ही बले एकाच क्षणी असतात आणि एकाच क्षणी नाहीशी होतात. त्यांतले क्रिया कोणाला म्हणायचे ही केवळ आपली सोय. १६८७ च्या आपल्या ग्रंथात न्यूटनने येथे जो लॅटिन शब्द योजला आहे, त्याचा अर्थ ‘परस्पर’ असा आहे. इंग्रजीत त्याला ‘म्युच्युअल’ म्हणतात. तेव्हा भिंतीने परतफेड केली असे मनात आले, की स्वतःला विचारा, येथे पाळी आहे का?

सजीवांचा अभ्यास करणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारावा लागतो. मध्य व दक्षिण अमेरिकेत रक्तावर जगणारी वटवाघळे आहेत. लागोपाठ दोन-तीन रात्री अन्न मिळाले नाही, तर ती मरतात. गेराल्ड विल्किन्सन यांनी कोस्टा रिकात पाहिले, की उपाशी परतलेल्या वटवाघळाला पोट भरलेले दुसरे वटवाघूळ ओकून रक्त पाजते. १९८४ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. पण याला परतफेड म्हणावे काय? आई पिलाला भरवते ती परतफेड नव्हे. नात्यागोत्यामुळेही मदत होत असेल. म्हणून कोणी कोणाला आधी दिले होते, याची नोंद ठेवावी लागली. पुढे विल्किन्सन आणि गेराल्ड कार्टर यांनी पाळीव गटातील वटवाघळांना आळीपाळीने उपाशी ठेवून पाहिले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात असे दिसले, की कोण कोणाला देईल हे नात्यापेक्षा पूर्वी मिळालेल्या अन्नावरून अधिक चांगले सांगता येते. एका शब्दाचा नेमका अर्थ धरून ठेवल्यामुळे प्रयोग कसा करावा हेही ठरते, ते असे.

शेवटी थोडा सराव. पुढील चारांपैकी ‘रिसिप्रोकेट’ किंवा त्याचे एखादे रूप कोठे वापराल? (१) सायकलच्या पंपाचा दांडा, (२) जात्याचा वरचा दगड, (३) ०.२ आणि ५ यांचे नाते, (४) बँकेचे फेडलेले कर्ज. उत्तरे अशी: पहिल्यात व तिसऱ्यात होय, दुसऱ्यात नाही, कारण दगड गोल फिरतो, चौथ्यातही नाही, तेथे ‘रिपे’. पाचवे उदाहरण तुम्ही स्वतः शोधा आणि ते वर्गात मित्राला सांगा. त्यानेही आपले एक उदाहरण तुम्हाला सांगितले, तर त्याने काय केले हे आता वेगळे सांगायला नको!