मोबाईल घेताना किंमत विचारा, पण हिशेब वर्षाचा मांडा

रायपूरजवळच्या बीरगांवात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, उरला किंवा सिलतराच्या कारखान्यांत ड्युटी करणाऱ्या माणसाच्या घरात आज निदान दोन फोन असतात. पंधरा हजारांचा फोन घेताना तो चार दुकानं फिरतो. जयस्तंभ चौकाजवळच्या रवि भवनात जाऊन घासाघीस करतो आणि पाचशे रुपये सोडवून घेतो. रिचार्जच्या बाबतीत मात्र कुणी घासाघीस करत नाही. खरा पैसा तिथेच जातो.

जुलै 2024 च्या दरवाढीत जिओचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा प्लॅन 239 वरून 299 रुपयांवर गेला. 28 दिवसांच्या हिशेबाने वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात. 299 गुणिले 13 म्हणजे 3,887 रुपये. तीन वर्षांत हेच 11,661 होतात. पंधरा हजारांच्या फोनवर साडेअकरा हजारांहून जास्त रिचार्ज! नवराबायको दोघांचे फोन धरले तर रिचार्जचा आकडा एका फोनच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो.

दुसरा त्रास तारखेचा. पगार सात तारखेला होतो आणि रिचार्ज दर खेपेला दोन-तीन दिवस अलीकडे सरकतो. चार-सहा महिन्यांत तो नेमका महिनाअखेरीस, हात रिकामा असताना येऊन पडतो. दूरसंचार नियामक ट्रायने जानेवारी 2022 मध्येच प्रत्येक कंपनीला दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारा निदान एक प्लॅन ठेवायला सांगितलं आहे. दुकानदार तो स्वतःहून सांगत नाही, विचारावा लागतो. जिओचा असा प्लॅन 319 रुपयांचा आहे, डेटा तोच रोज दीड जीबी. वरवर 20 रुपयांनी महाग, पण बारा महिन्यांचे होतात 3,828. म्हणजे 28 दिवसांवाल्यापेक्षा 59 रुपये कमी, आणि तारीखही पगाराला चिकटून राहते. एकरकमी द्यायची ऐपत असेल तर त्यांचाच 365 दिवसांचा 3,599 रुपयांचा प्लॅन आहे, त्यात डेटा रोज अडीच जीबी. थोडंथोडं देणाऱ्यालाच महाग पडावं, अशीच या धंद्याची मांडणी आहे. मला ती खटकते, पण निदान दिवाळी बोनस हातात असताना वर्षाचा रिचार्ज उरकून टाकणं शक्य आहे.

गावाकडे गोंदिया-भंडाऱ्याला आई-वडील असतील आणि त्यांच्या हातात साधा बटणांचा फोन असेल, तर त्यांच्यासाठी डेटाचे पैसे भरू नका. ट्रायच्या डिसेंबर 2024 च्या आदेशानंतर कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक काढावे लागले. एअरटेलचा 365 दिवसांचा 1,849 रुपयांचा, तर जिओचा 1,748 चा. जिओचा स्वस्त वाटेल, पण त्याची मुदत 336 दिवसांची आहे, म्हणजे 28 चे बारा हप्ते. इथेही तेरावा महिना लपलेलाच आहे. दिवसाचा दर काढला तर एअरटेल 5 रुपये 7 पैसे, जिओ 5 रुपये 20 पैसे. दर बदलत राहतात, म्हणून भरण्याआधी कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर एकदा पाहा. रिचार्जही तिथूनच करा, कारण पैसे पाठवायची काही ॲप्स रिचार्जवर सुविधा शुल्क लावतात.

महाराष्ट्रातला नंबर घेऊन इकडे आलेल्यांना अनेकदा वाटतं की नंबर बदलावा लागेल. तशी गरज नाही. आजच्या प्रीपेड पॅकमध्ये देशभराचं रोमिंग धरलेलंच असतं. नेटवर्क धरत नसेल तरच कंपनी बदला, आणि नंबर तोच ठेवा. जुलै 2015 पासून तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येतो.

घरी चार माणसं व्हिडिओ बघणारी असतील तर फायबरचा विचार करा. मात्र एक मेख लक्षात ठेवा. मोबाईल रिचार्जच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो, ब्रॉडबँडच्या जाहिरातीत तो बहुधा नसतो. जिओफायबरचा 399 चा प्लॅन हातात पडतो तेव्हा 18 टक्के करासह 471 रुपये होतो. वर्षाला सुमारे 5,650. त्या जोरावर घरातल्या सगळ्यांचे मोबाईल प्लॅन खाली आणले तरच तो परवडतो, नाहीतर एक खर्च वाढला एवढंच.

फोन फुटला की मेकॅनिक सांगतो, "फोल्डर बदलावा लागेल." फोल्डर म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले एकत्र. किंमत ठरते माल ओरिजनल की कॉपी यावर, आणि ते उघड्या डोळ्यांना कळत नाही. शाओमी, विवो, रिअलमी यांच्या संकेतस्थळांवर सुट्या भागांचे दर दिलेले असतात. ते आधी बघून जा, मग भाव करा. दुरुस्तीचा खर्च त्याच प्रकारच्या चालू स्थितीतल्या सेकंडहँड फोनच्या निम्म्याहून जास्त होत असेल तर मी तरी दुरुस्तीच्या फंदात पडणार नाही. सेकंडहँड घेताना *#06# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तपासा, फुकट आहे. चोरीचा फोन ब्लॉक झाला तर तुमच्या हाती राहील ती फक्त काच.

मुलासाठी जुना लॅपटॉप घ्यायचा तर आधी प्रोसेसर विचारा. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे लॅपटॉप बाजारात स्वस्तात मिळू लागले आहेत ते याचमुळे. ऑफिसच्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला हजारो भरायची गरज नाही, लिबरऑफिस फुकट आहे आणि शाळा-कॉलेजच्या कामाला पुरतं. आणखी एक खर्च खास इथला: स्पंज आयर्न कारखान्यांची काळी धूळ. गच्चीवर जी बसते तीच लॅपटॉपच्या पंख्यात बसते. पंखा घरघरायला लागला की वाट पाहू नका, साफ करून घ्या. नाहीतर भुर्दंड मदरबोर्डचा.

हप्त्यावर घेताना दुकानातला फायनान्सवाला "झिरो कॉस्ट" म्हणेल. त्याच्याकडे की फॅक्ट स्टेटमेंट मागा. ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासाठी ते देणं बंधनकारक आहे. प्रोसेसिंग फी, विमा, सगळं मिळून वार्षिक दर किती पडतो, तो आकडा त्यात असतो. न मागितलेला विमा दिसला तर सहीपूर्वी काढायला लावा.

आणि पक्कं बिल घ्या, त्यावर आयएमईआय लिहिलेला हवा. काही बिनसलं तर ग्राहक हेल्पलाईन 1915 वर फोन करा. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. 2019 च्या कायद्यानुसार ती राहत्या जिल्ह्यातही करता येते, म्हणजे ऑनलाइन विकणाऱ्या दूरच्या कंपनीविरुद्धही बीरगांवच्या माणसाला रायपुरातच दाद मागता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य.