मोठा हिरा कसा निवडावा? : वजन, पैलू, रंग आणि आवड



पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेले, की जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेचे देऊळ लागते. सावित्री आणि कृष्णा या दोन्ही नद्यांचा उगम तेथे मानतात. सावित्री पश्चिमेला उतरते आणि पोलादपूर, महाड करीत समुद्राकडे जाते. कृष्णा पूर्वेला वळते. पुढे आंध्रात तिच्या काठी कोल्लूरच्या खाणी होत्या. जगातले कित्येक नामांकित हिरे त्या भागातून निघाले. 'गोवळकोंड्याचे हिरे' म्हणतात ते हेच.

पण कृष्णेने हे हिरे आपल्या सह्याद्रीतून वाहून नेले, असे मात्र समजू नका. आपला काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात हिरे नसतात. हिरा तयार होतो तो जमिनीखाली साधारण दीडशे किलोमीटर किंवा त्याहूनही खोलवर, प्रचंड दाबाखाली. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापला, की कातळाच्या पोकळ्यांत चकाकणारे स्फटिक सापडतात. ती गारगोटी किंवा तिच्यासारखी दुसरी खनिजे. गारगोटी म्हणजे सिलिका, हिरा म्हणजे निव्वळ कार्बन.

आता एक प्रश्न. दोन मोठे हिरे समोर ठेवले आणि 'यांतला एक निवडा' असे सांगितले, तर तुम्ही कोणता घ्याल? अशी पाळी आपल्यापैकी फार थोड्यांवर येईल. तरीही प्रश्न सोडवून पाहण्यासारखा आहे. कारण एक गुण वाढवायला गेले, की दुसरा गमवावा लागतो, आणि किती मिळाले व किती गेले हे नववी-दहावीच्या पदार्थविज्ञानाने मोजता येते.

एका हिऱ्याची तीन रूपे

नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वराच्या देवळात एक मोठा हिरा होता. तो गोवळकोंड्याच्या खाणीतला मानला जातो. वजन सुमारे ९० कॅरट. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती लागला आणि १८१८ साली लंडनच्या 'रंडेल अँड ब्रिज' या जवाहिऱ्यांकडे गेला. इंग्रजांनी 'नाशिक'चे 'नासक' केले. आजही तो 'नासक हिरा' म्हणूनच ओळखला जातो.

रंडेल अँड ब्रिज यांनी त्याला नव्याने पैलू पाडले, पण हात राखून. भारतीय कारागिराने दिलेला मूळ आकार बराचसा सांभाळला. वजन सुमारे ८० कॅरट उरले. पुढे १८३७ साली तो एका इंग्रज सरदाराने विकत घेतला व आपल्या तलवारीच्या मुठीत बसविला. १९४० साली अमेरिकन जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो पॅरिसमध्ये मिळविला आणि पुन्हा कापला. या खेपेस वजन ४३.३८ कॅरटवर आले! १९७० साली न्यूयॉर्कच्या लिलावात विकला गेला तो हा एवढाच हिरा.

हे वजन डोळ्यांपुढे आणा. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, हे माप १९०७ साली ठरले. म्हणजे ९० कॅरट झाले १८ ग्रॅम. हिऱ्याची घनता दर घन सेंटिमीटरला ३.५२ ग्रॅम. भागाकार केला, की घनफळ सुमारे ५ घन सेंटिमीटर येते. औषधाच्या बाटलीबरोबर मिळतो तो लहान चमचा बरोबर ५ मिलिलिटरचा असतो. त्र्यंबकेश्वरी होता तेव्हा हिरा चमचाभर होता. १९४० नंतर अर्धा चमचा राहिला. उरलेल्या अर्ध्याची पूड झाली, लहान तुकडे झाले.

हे नुकसान कशासाठी सोसले? आणि पहिल्या कारागिराने ते का सोसले नाही? उत्तर शोधण्यासाठी एकेक गुण तपासू.

वजन

वजन मोजायला सर्वांत सोपे आणि फसवायलाही सर्वांत सोपे. चांगल्या प्रमाणात कापलेल्या एक कॅरटच्या गोल हिऱ्याचा व्यास सुमारे ६.५ मिलिमीटर असतो. व्यास दुप्पट, म्हणजे १३ मिलिमीटर हवा असेल, तर वजन दोन कॅरट पुरत नाही. आठ कॅरट लागते. कारण घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. उलट बाजूने पाहा: चार कॅरटच्या हिऱ्याचा व्यास सुमारे १०.३ मिलिमीटर, पाच कॅरटचा ११.१. कॅरटभर वजन वाढले, तरी डोळ्यांना फरक एक मिलिमीटरहून कमी.

तोही फरक दिसेलच असे नाही. पाच कॅरटचा हिरा प्रमाणापेक्षा सव्वापट खोल कापला असेल, तर वरून तो चार कॅरटच्या हिऱ्याएवढाच दिसेल. जादा कॅरट कोंदणात दडून बसेल. गिऱ्हाइकाने पैसे मात्र पाच कॅरटचे मोजलेले असतील. मोठे खडे दुर्मिळ असल्यामुळे किंमत वजनापेक्षाही वेगाने चढते, म्हणून ही चूक महाग पडते.

पैलू

आता पैलूंकडे वळू. येथे खरे पदार्थविज्ञान आहे.

हिऱ्याचा वक्रीभवनांक (तुमच्या पाठ्यपुस्तकातला अपवर्तनांक) २.४२ आहे. पाण्याचा १.३३, काचेचा साधारण १.५. म्हणजे हवेत सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश हिऱ्यात सव्वा लाखाच्या आसपास येतो. याचे दोन परिणाम होतात. पहिला, हिऱ्यावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १७ टक्के पृष्ठभागावरूनच परत येतो. काचेवरून फक्त ४ टक्के. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा. आतून बाहेर येणारा किरण क्रांतिक कोनापेक्षा मोठ्या कोनात पृष्ठभागावर आपटला, तर तो बाहेर पडतच नाही. त्याचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते. सावित्रीच्या डोहातला मासा वर पाहतो तेव्हा एका वर्तुळातच त्याला बाहेरचे जग दिसते आणि त्यापलीकडे पाण्याचा आरसा दिसतो, तो यामुळेच. क्रांतिक कोन असे आहेत:

पाणी : ४८.६ अंश
काच : ४१.८ अंश
हिरा : २४.४ अंश

हिऱ्याचा कोन सर्वांत लहान, म्हणून प्रकाश त्यात सर्वांत सहज अडकतो. कारागिराचे काम एवढेच, की अडकलेला प्रकाश खालून न निसटता वरूनच बाहेर यावा.

कागदावर करून पहा. एक आडवी रेषा काढा. हा हिऱ्याचा वरचा सपाट पैलू. व्यापारात त्याला 'टेबल' म्हणतात. तिच्याखाली इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन तिरप्या रेषा काढा, प्रत्येक आडव्या रेषेशी ४१ अंशांत. हे खालचे पैलू. वरून एक किरण सरळ खाली सोडा. डाव्या पैलूवर तो स्तंभिकेशी ४१ अंशांत आपटेल. २४.४ पेक्षा मोठा कोन, म्हणून परावर्तन. मग तो जवळजवळ आडवा जाऊन उजव्या पैलूवर ५७ अंशांत आपटेल. पुन्हा परावर्तन. आता तो वर निघाला आणि टेबलावर १६ अंशांत पोहोचला. हा कोन २४.४ पेक्षा लहान, म्हणून किरण बाहेर, थेट पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे.

आता खालच्या रेषा ५५ अंशांत काढा, म्हणजे हिरा फार खोल झाला. दुसऱ्या पैलूवर कोन फक्त १५ अंश येईल आणि किरण तेथून गळून जाईल. रेषा २० अंशांत काढा, म्हणजे हिरा फार उथळ झाला. किरण पहिल्याच पैलूतून निसटेल. आणि ४१ अंशांचाच आकार काचेत कापला तर? काचेचा क्रांतिक कोन ४१.८. किरण पहिल्याच पैलूतून खाली! आकार तंतोतंत तोच, पण तेज नाही. नकली खड्यामागे चकचकीत वर्ख का लावतात, ते यावरून कळेल.

अशीच गणिते करून मार्सेल टोलकोव्स्की यांनी १९१९ साली गोल हिऱ्याची प्रमाणे प्रसिद्ध केली. खालच्या पैलूंचा कोन त्यांनी ४०.७५ अंश काढला. आजचा ५७ पैलूंचा 'ब्रिलियंट कट' त्यावरूनच घडला. रायगडावर ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेकाच्या दरबारात इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन याच्यातर्फे छत्रपती शिवाजी महाराजांना हिऱ्याची अंगठी नजर झाली. त्या अंगठीतला हिरा अर्थातच या घडणीचा नव्हता.

मग आपले जुने कारागीर अडाणी होते काय? मुळीच नाही. सतराव्या शतकात टॅव्हर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी गोवळकोंड्याच्या खाणींवर गेला होता. त्याने लिहून ठेवले आहे, की खडा निर्दोष असेल तर भारतीय कारागीर त्याला चाकावर नुसता वरखाली स्पर्श करतात, वजन घटेल म्हणून आकार देत नाहीत. दोष असेल तरच तो झाकण्यासाठी पुष्कळ पैलू पाडतात. ही विचारपूर्वक केलेली निवड होती. चपट्या खड्यामागे वर्ख लावून तो कोंदणात बसविला, की गळणारा प्रकाश वर्खावरून परत येई. वजनही वाचे.

लंडनमध्ये वेगळी निवड झाली. १८५१ च्या प्रदर्शनात कोहिनूर मांडला, तेव्हा तो चमकत नाही म्हणून लोक निराश झाले. प्रकाशशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांचाही सल्ला घेतला गेला. १८५२ साली तो पुन्हा कापला आणि १०५.६ कॅरट उरला. चाळीस टक्क्यांहून अधिक वजन गेले.

रंग

हिरा निव्वळ कार्बनचा, पण स्फटिकात काही ठिकाणी कार्बनऐवजी नायट्रोजनचे अणू बसतात. ते निळा-जांभळा प्रकाश शोषतात आणि हिरा पिवळसर दिसतो. बोरॉन असेल तर निळा. प्रसिद्ध 'होप' हिरा असा निळा आहे. पांढऱ्या हिऱ्यांची प्रत 'डी' पासून 'झेड' पर्यंतच्या अक्षरांनी सांगतात. 'डी' म्हणजे पूर्ण रंगहीन.

मोठ्या हिऱ्यात रंगाला जास्त महत्त्व का, हे पहा. समजा, एक सेंटिमीटर अंतरात निळ्या प्रकाशापैकी ९० टक्के पार जातो. दोन सेंटिमीटरमध्ये ०.९ × ०.९, म्हणजे ८१ टक्के. तीनमध्ये ७३ टक्के. हिरा मोठा, तेवढी आतली वाट लांब. म्हणून द्रव्य तेच असूनही मोठा खडा अधिक पिवळा दिसतो. लहान खड्यात जो रंग जाणवत नाही, तो मोठ्यात लपत नाही.

पैलूंचाही येथे संबंध येतो. ब्रिलियंट कटातल्या लहान लहान पैलूंच्या लखलखाटात थोडा पिवळेपणा झाकला जातो. 'एमरल्ड कट' म्हणजे पायऱ्यांसारखे लांब पैलू. त्यांतून नजर सरळ आत जाते आणि रंग, डाग, सारे उघडे पडते. म्हणून ही घडण स्वच्छ खड्यालाच परवडते. विन्स्टन यांनी नासक हिऱ्याला हीच घडण दिली. जवाहिरे ज्याला हिऱ्याचे 'पाणी' म्हणतात, ते दाखविणे हा त्यांचा हेतू असावा, हे त्यावरून ताडता येते.

मग निवड कशी करावी?

प्रथम प्रकाश परत येतो की नाही ते पाहावे. प्रकाश खालून गळत असेल, तर वजन आणि रंग दोन्ही वाया. मग आकारमान लक्षात घेऊन रंग पाहावा. वजन त्यानंतर. प्रयोगशाळेत बनविलेल्या हिऱ्यालाही हाच नियम. घनता आणि वक्रीभवनांक खाणीतल्या हिऱ्याचेच असतात.

शेवटी हिरा तीन उजेडांत पाहावा. दुकानातल्या लहान, प्रखर दिव्यांखाली बहुतेक हिरे चमकतात. तांबड्या प्रकाशासाठी हिऱ्याचा वक्रीभवनांक २.४१, जांभळ्यासाठी २.४५, म्हणून रंग वेगळे होतात आणि बिंदूसारख्या दिव्यात त्यांच्या ठिणग्या दिसतात. महाडला आषाढात असतो तशा ढगाळ उजेडात प्रकाश सगळीकडून येतो, रंग एकमेकांत मिसळतात, ठिणग्या मावळतात. तेथे खड्याचा मूळ रंग कळतो. तिसरा उजेड समईचा. रुंद, थोडे पैलू असलेला जुना हिरा एका ज्योतीसमोर संथ, मोठे लखलखाट देतो. बारीक पैलूंचा हिरा चुटपुट चमकतो. यांतले काय आवडावे, हे कोणतेही सूत्र सांगू शकत नाही. तेथे तुमचा डोळाच प्रमाण.

पदार्थविज्ञान सांगते ते एवढेच: अमुक मिळवायचे तर तमुक द्यावे लागेल. काय हवे, हे माणसाने ठरवायचे. पण एक गोष्ट विसरू नये. वजन राखणाऱ्या कारागिराने पुढच्या पिढीला निवड करायला वाव ठेवला होता. कापून टाकलेला अर्धा चमचा कोणालाही परत जोडता येत नाही. जे उलटवता येत नाही, त्यापूर्वीचे गणित दोनदा करावे.

स्वाध्याय

१. गारगोटीचा वक्रीभवनांक १.५४ आहे. तिचा क्रांतिक कोन काढा. ४१ अंशांच्या आकृतीत किरण पहिल्या पैलूवर टिकेल काय?
२. कोहिनूरचे (१०५.६ कॅरट) घनफळ किती?
३. एक कॅरटच्या गोल हिऱ्याचा व्यास ६.५ मिलिमीटर, तर त्याच प्रमाणात कापलेल्या २७ कॅरटच्या हिऱ्याचा किती?
४. आकृतीतला हिरा पाण्यात बुडविला, तर क्रांतिक कोन वाढेल की कमी होईल? तेज कमी का दिसेल?

उत्तरे : (१) सुमारे ४०.५ अंश, जेमतेम टिकेल. (२) सुमारे ६ घन सेंटिमीटर. (३) १९.५ मिलिमीटर. (४) वाढून सुमारे ३३ अंश होईल. अधिक किरण गळून जातील.