कोकिळेचे कुटुंब

मुलांनो, आंब्यावर 'कुहूऽ कुहूऽ' करते ती कोकिळा नव्हे, तो नर कोकीळ! तो काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, ठिपकेदार. ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. 'पेरते व्हा' म्हणणारा पावशा आणि पावसाबरोबर आफ्रिकेतून येणारा चातक तिचेच नातेवाईक. त्यांची पिल्लं सातभाई वाढवतात. भारद्वाजही याच कुटुंबातला, पण तो स्वतःचं घरटं बांधतो. आपल्या कवठे येमाईत उसाच्या कडेला, बांधावरच्या झुडपांत तो दिसतो. बांधावरची बाभळ आणि झुडपं तोडली, तर कावळा-सातभाईंची घरटी जातात. मग कोकिळेने, पावशाने अंडी कुठे घालायची? विचार करा बरं!