चिनी पोर्सलीनची पारख

ऑक्टोबर २०२२ मध्ये फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे एक निळी-पांढरी चिनी फुलदाणी लिलावास निघाली. तिच्या गोल पोटावर ढगांतून फिरणारे ड्रॅगन रंगविलेले होते. ती विसाव्या शतकातील एक शोभेची वस्तू आहे, असा तज्ज्ञाचा अभिप्राय असल्याने तिची अपेक्षित किंमत दीड ते दोन हजार युरो धरण्यात आली होती. प्रत्यक्षात बोली ७७ लाख युरोंवर थांबली. ती अठराव्या शतकातील असावी, अशी बोली लावणाऱ्यांची खात्री झालेली होती. तज्ज्ञाने मात्र आपले मत बदलले नाही. या घटनेवरून एवढेच निश्चित होते की, किंमत हा अस्सलपणाचा पुरावा नव्हे. ज्याने पैसे मोजले तोही चुकलेला असू शकतो आणि ज्याने वस्तू हाताळली तोही.

आता हाच व्यवहार संगणकाच्या पडद्यावर होऊ लागला आहे. ऑनलाइन लिलावात ग्राहकाच्या हाती वस्तू येत नाही. येतात ती पाचसहा छायाचित्रे आणि चार ओळींचे वर्णन. असे असताना खरेखोटे ठरवावे कसे, हा प्रश्न केवळ श्रीमंत संग्राहकांचा उरलेला नाही. आयुष्यभराच्या शिलकीतून एखादे भांडे घेणारा सामान्य रसिक आणि वाडवडिलांकडून आलेले भांडे मोडीच्या भावाने विकून टाकणारे कुटुंब या दोघांनाही तो सारखाच भेडसावतो. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात घरगुती सामानाच्या विक्रीत ३५ डॉलरला मिळालेला एक लहान वाडगा मिंग राजवटीच्या आरंभकाळातील निघाला आणि २०२१ साली न्यूयॉर्क येथे सात लाख डॉलरहून अधिक किमतीस विकला गेला. असे योग विरळाच येतात. परंतु त्यांच्या बातम्यांनी फसणाऱ्यांची संख्या मात्र वाढते.

नवखा ग्राहक प्रथम भांडे उलटे करून त्यावरील मुद्रा पाहतो. मुद्रेत बहुधा सहा अक्षरे असतात. ती वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे वाचावयाची. त्यांचा अर्थ ‘महान मिंग राजवटीतील शुआनदे सम्राटाच्या काळात घडविलेले’ अशा स्वरूपाचा असतो. ती वाचता आली म्हणजे काळ कळला, ही समजूत पूर्णतः चुकीची होय. चिनी कुंभाराच्या दृष्टीने पूर्वसूरींची मुद्रा घालणे हे बहुधा लबाडीचे नसून आदराचे लक्षण होते. शुआनदे (१४२६–१४३५) आणि छेंगह्वा (१४६५–१४८७) या मिंग सम्राटांच्या मुद्रा कांगशी काळातील (१६६२–१७२२) असंख्य भांड्यांवर आढळतात. त्यामागे एक शासकीय कारणही होते. १६७७ साली जिंगदेझेनच्या स्थानिक अधिकाऱ्याने विद्यमान सम्राटाचे नाव भांड्यांवर लिहिण्यास मनाई केली. कारण भांडे फुटून उकिरड्यावर पडले तर नावाचा अवमान होईल. म्हणून त्या काळातील कित्येक भांड्यांच्या बुडाशी नुसती दोन रिकामी वर्तुळे दिसतात, किंवा एखादे पान. पुढे ग्वांगशू काळात (१८७५–१९०८) कांगशीचे नाव भांड्यांवर सर्रास घातले गेले. मुद्रेवरून ‘याच्या आधीचे नाही’ असे सांगता येते, ‘याच काळचे आहे’ असे नाही. रोमन लिपीत ‘चायना’ असे लिहिलेली भांडी प्रायः १८९१ नंतरची असतात. कारण त्या वर्षापासून अमेरिकेत आयात मालावर उगमदेशाचे नाव सक्तीचे झाले.

तेव्हा मुद्रेपेक्षा तिच्या भोवतीच्या कडेकडे अधिक लक्ष द्यावे. झिलई ही वास्तविक काचच होय. भट्टीत ती वितळते आणि ज्या वस्तूस टेकेल तिला चिकटते. त्यामुळे भांडे ज्या कडेवर उभे राहते तेथील झिलई कुंभारास पुसून काढावी लागते. केओलीन आणि तिच्या जोडीची पांढरी दगडभुकटी यांपासून बनविलेला, सुमारे १३०० अंश सेल्सिअस उष्णतेत भाजलेला मूळ देह केवळ एवढ्याच जागी उघडा दिसतो. झिलई जेथे संपते तेथे मातीतील लोहामुळे पुष्कळदा बारीक नारिंगी रेघ उमटलेली असते. छिंग राजवटीतील उत्तम भांड्यांची कड इतकी गुळगुळीत व गोलसर असते की, चिनी जाणकार तिला एका निसरड्या माशाच्या पाठीची उपमा देतात. विक्रेत्याने बुडाचे छायाचित्र दिलेच नसेल, किंवा ते अंधुक असेल, तर ते मागावे. खिडकीच्या उजेडात, तिरक्या कोनातून, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले. जो ते देण्यास टाळाटाळ करतो त्याच्याशी व्यवहार न करणेच बरे.

छायाचित्रात निळा रंगही पुष्कळ काही सांगतो, पडद्यागणिक त्याची छटा बदलत असली तरी. युआन आणि आरंभीच्या मिंग काळात पश्चिम आशियातून येणारे कोबाल्ट वापरीत. त्यात लोह अधिक व मँगनीज कमी असे. ब्रशात रंग साचला की तेथे काळपट ठिपके उमटत आणि झिलईत खोल रुतत. अठराव्या शतकातील कुंभारांना ते ठिपके एवढे आवडले की त्यांनी ते ब्रशाच्या टोकाने मुद्दाम काढले. अस्सल ठिपका रेषेच्या ओघात आपोआप पडतो. नकलेतला शिस्तीने, हव्या त्या जागी बसलेला असतो. गुलाबी रंगाची कसोटी याहून सोपी आहे. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून होणारा हा रंग चिनी पोर्सलीनवर १७२० च्या सुमारास आला. म्हणून मिंग मुद्रेच्या भांड्यावर गुलाबी कमळे फुललेली दिसली, तर निदान ती रंगकला तरी मिंग काळातील नव्हे. साध्या जुन्या भांड्यावर मागाहून रंग चढविल्याचीही उदाहरणे आहेत.

नवे भांडे जुने दाखविणे हा स्वतंत्र धंदाच आहे. झिलईची झळाळी तीव्र आम्लाने मारतात. उघड्या कडेवर चहा, पोटॅशियम परमँगनेट किंवा बुटाचे पॉलिश चोळून मळकटपणा आणतात. शतकानुशतके फळीवर सरकवल्याने पडलेले ओरखडे सर्व दिशांना, निरनिराळ्या खोलीचे असतात. पॉलिशकागदाचे एकाच दिशेने धावतात. मोठी फुलदाणी पूर्वी दोन-तीन भागांत घडवून जोडीत, आतून हात फिरवला की सांधा लागतो. साच्यात ओतलेल्या नव्या मालात जाडी सर्वत्र एकसारखी असते. परंतु हात फिरविण्याची सोय ऑनलाइन लिलावात नाही. म्हणून वजन विचारावे आणि वस्तू परत घेण्याची अट लेखी मिळवावी.

यादीतील शब्दयोजना सावकाश वाचावी. ‘छ्येनलुंग मुद्रा व काळ’ म्हणजे मुद्रा त्या सम्राटाची (१७३६–१७९५) आणि भांडेही त्याच काळचे, असा दावा. ‘छ्येनलुंग मुद्रा’ एवढेच लिहिले असेल तर काळाविषयी विक्रेत्याने काहीच कबूल केलेले नाही. ‘छ्येनलुंग शैलीतील’ हे शब्द तर नकलेची सभ्य कबुलीच होत. त्याच विक्रेत्याचे इतर लॉटही पाहावेत. दर महिन्यास ज्याच्याकडे एका मृत आजोबांच्या संग्रहातून दहा सम्राटकालीन फुलदाण्या येतात, त्याच्या आजोबांविषयी शंका घेण्यास हरकत नाही.

प्रयोगशाळेचा आधार मर्यादित आहे. भांड्यास छिद्र पाडून घेतलेला नमुना तापविला असता बाहेर पडणाऱ्या प्रकाशावरून ते केव्हा भाजले याचा अंदाज करता येतो. पण जुन्या फुटक्या भांड्याचे बूड नव्या देहास जोडलेले असेल आणि नमुना नेमका बुडातून घेतला, तर उत्तर बरोबर येऊनही निष्कर्ष चुकतो.

अविश्वासाचाही अतिरेक होतो. युआन काळातील १३५१ सालचा लेख असलेल्या, आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या दोन फुलदाण्या एके काळी संशयास्पद मानल्या जात. एवढी प्रगत निळी-पांढरी कला त्या शतकात असणे कोणास पटत नव्हते. १९५२ साली जॉन अलेक्झांडर पोप यांनी इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहातील भांड्यांशी त्यांची तुलना केली आणि त्याच फुलदाण्या चौदाव्या शतकाच्या कालगणनेचे मोजमाप ठरल्या. त्याच शतकातील अशा भांड्यांचे तुकडे १९६१ साली दिल्लीत तुघलकांच्या फिरोजशाह कोटल्यात सापडले. ज्यास डोळा तयार करावयाचा आहे त्याने असे तुकडे जेथे पाहावयास मिळतील तेथे पाहावेत. अखंड भांड्यात जे झाकलेले असते, म्हणजे झिलईची जाडी, तिच्यातील बुडबुडे, देहाचा कण, ते तुटलेल्या कडेवर उघडे पडलेले असते.