परकें पातें, घरची मूठ

संगणकावरील खेळांत एका तरवारीचें पातें दुसरीच्या मुठीस जोडतां येतें, असें आमचे नगरचे विद्यार्थी मोठ्या हौसेनें सांगतात. १७व्या शतकांतील मराठे हेंच खऱ्या पोलादांत करीत. पोर्तुगीजांमार्फत आलेलें लांब, सरळ युरोपी पातें खांड्याच्या मुठीस बसवीत. अशा तरवारीस फिरंग म्हणत. सरळ पात्यानें भोंसकणें साधे. वाकड्या तरवारीसारखें ओढून चिरणें मात्र तितकें साधत नसे. पल्ला वाढला, तसा मनगटावरील भारही वाढला. आमच्या मतें खरी कल्पकता पात्यांत नसून मुठींत आहे. तिच्यापासून निघालेल्या पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांस रिपिटांनीं जखडीत, आणि तिच्या शेवटास एक दांडा ठेवीत. जोराचा घाव घालतांना दुसरा हात त्यावर पडे.