टॅबलेटला कळफलक जोडताना

कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही आता निबंध वा प्रकल्प टॅबलेटवर लिहावा लागतो. पण काचेवरच्या कळा अर्धा पडदा व्यापतात आणि मागचे चार शब्द पाहायचे तरी पडदा सरकवावा लागतो. मग आपण टंकलेखनाच्या दुकानाचा रस्ता धरतो. आमच्याकडच्या शेतीच्या शब्दांवर मी एक टिपण लिहिले होते. त्यात ‘इर्जिक’ हा शब्द होता. गावातल्यांनी आपापली औते आणून एकाचे शेत मिळून नांगरून द्यायचे, ती इर्जिक. टिपण टंकून आले, तेव्हा तेथे ‘ईर्षा’ उमटली होती! आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. आमच्या घरचे शब्द आमच्याच हाताने उतरले पाहिजेत, असे तेव्हा वाटले.

कळफलक जोडण्याचे मार्ग दोन. तारेचा कळफलक असेल तर ओटीजी नावाचा छोटा जोड घ्यावा. त्याचे एक टोक टॅबलेटच्या चार्जिंगच्या खाचेत बसते, दुसऱ्यात कळफलकाची तार. मात्र टॅबलेटला ओटीजीची सोय असली पाहिजे. या कळफलकाला वेगळी बॅटरी लागत नाही. वीज टॅबलेटच पुरवतो.

बिनतारी ब्लूटूथ कळफलक असेल तर त्यावरची जोडणीची कळ दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरावी. टॅबलेटच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ सुरू करून यादीतील त्याचे नाव निवडावे. पडद्यावर आकडे आले तर ते कळफलकावर टंकून ‘एंटर’ दाबावे. एकदा ओळख पटली की पुढे हा खटाटोप सहसा करावा लागत नाही.

आता मराठीचे. सेटिंगमध्ये कळफलकाची भाषा निवडताना ‘इन्स्क्रिप्ट’ मांडणी घ्यावी. ती तेथे नसल्यास ती देणारे ॲप घ्यावे. १९९१ च्या भारतीय मानकात या मांडणीचा समावेश आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ‘के’च्या कळेवर क, शिफ्टसह तीच दाबली की ख. ग-घ, त-थ, प-फ या जोड्याही अशाच.

‘इर्जिक’ टंकून पाहा: इ, र, हलन्त, ज, ऱ्हस्व वेलांटी, क. इंग्रजी कळांच्या नावाने शिफ्टसह एफ, मग जे, डी, पी, एफ, के. रफार दिसतो ज च्या डोक्यावर, पण र आधी टंकायचा. वेलांटी दिसते ज च्या आधी, पण टंकायची नंतर. म्हणजे डोळ्यांना दिसते तो क्रम येथे नाही. तोंडाने उच्चारतो तो आहे. ज्याला मराठी बोलता येते, त्याला निम्मे टंकलेखन आधीच येते.

एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात. दोन्ही तर्जन्या तेथे ठेवून रोज अर्धा तास सराव करावा. मित्रहो, आपल्या आजीच्या तोंडचा एखादा शब्द कोशात नसेल, दुकानदाराला ठाऊक नसेल. निदान आपल्या प्रकल्पात तरी तो जसाच्या तसा उतरू द्या.