टोमॅटोचे रोप आजारी दिसले तर

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या गॅलरीत टोमॅटोचे रोप मलूल झाले की आपण लगेच खत-औषध आणतो. आधी कुंडीतल्या मातीत बोट घालून पाहा. पुष्कळदा दुखणे पाण्यात असते.

१. फळाचे बूड काळे पडते : हा संसर्ग नव्हे. माती कधी कोरडी, कधी चिखल झाली की कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही. पाणी नियमित द्या, मातीवर वाळलेला पाला पसरा.

२. खालची पाने पिवळी, माती सतत ओली : कुंडीची भोके मोकळी करा, ताटलीतले पाणी ओतून टाका.

३. फुले गळतात : पारा ३५ अंशांपलीकडे गेला की फळ नीट धरत नाही. बी सप्टेंबरात टाकून ऑक्टोबरात रोप लावावे.

४. पाने चुरडलेली, वाढ खुंटलेली, पानांखाली पांढरी माशी : हा बहुधा विषाणू. त्यावर औषध नाही. रोप उपटून टाका, म्हणजे शेजारची वाचतील.

शहापूर तालुक्यातली भातसा, तानसा ही धरणे मुंबईची तहान भागवतात. त्याच तालुक्यातले कित्येक आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. तिथे परसबागेत घातलेला प्रत्येक तांब्या घरच्या पाण्यातून काढलेला असतो. म्हणून परसबागेसाठी बियाण्याची पुडी देताना पाल्याचे आच्छादन आणि बेताचे पाणी हा धडाही सोबत द्यावा. तो आपल्या कुंडीत आधी गिरवून पाहू या.